माझ्या नावाने शोधलं तर

इंदिरानगर, नाशिक
१४ जून २०२५

सृष्टी,

पाकीट बघून तुला आधी हसू येईल. पुण्यात तुझ्या सोसायटीचा वॉचमन हे हातात देईल आणि तू म्हणशील, हिच्याकडे फोन नाही का? आहे. पण फोनवर तू जिंकतेस. मी एक वाक्य पुरं करेपर्यंत तू "ऐक ना, ऐक ना" करतेस, आणि शेवटी मीच तुझी समजूत काढून फोन ठेवते. मेसेज केला तर त्याखाली तू लाल बदाम टाकतेस आणि विषय संपतो. म्हणून कागद.

तू विचारलंस, "मीनू, तू रागावलीस का? नक्की कशाबद्दल?" नक्की कशाबद्दल ते लिहिते. सगळं क्रमाने लिहिते, कारण तुझ्या आठवणीत आता क्रम बदलला असणार.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी कॉलेजने ते टायवाले सर बोलावले होते, आठवतं? नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्याने इंटरनेटवर कसं दिसावं, हे शिकवायला. त्यांनी सगळ्यांना फोन काढून आपापलं नाव शोधायला लावलं. तुझ्या नावाने तुझ्या मावसबहिणीच्या हळदीतला नाच निघाला आणि अख्खा वर्ग हसला. माझ्या नावाने काहीच निघालं नाही. कुठल्या तरी भलत्याच मीना भोयेचा ग्रामपंचायतीचा निकाल निघाला. सर म्हणाले, "हे त्या नाचापेक्षा वाईट. मॅडम, तुम्ही अस्तित्वातच नाही." तेव्हाही वर्ग हसला. तू नव्हतीस हसली. ते माझ्या लक्षात आहे.

घरचं खातं कुलपात ठेवा, कामाचं उघडं ठेवा, असं ते म्हणाले. कामाच्या खात्यावर रडायचं नाही, भांडायचं नाही, जेवणाचे फोटो टाकायचे नाहीत. नाव म्हणजे दुकानाची पाटी.

त्याच रविवारी दुपारी तू माझी पाटी रंगवलीस. दोरीवर पांढरी चादर लावली, तुझा राखाडी ब्लेझर मला घातला, फोटो काढला. मी गावाच्या जागी आमच्या पाड्याचं नाव आणि पेठ तालुका लिहिला होता, तो तू खोडलास. म्हणालीस, "नाशिक लिही गं. पाडा वाचला की लोक आधी कीव करतात आणि मग काम बघतात. बघितलंच तर." भाषांमध्ये मी आमची आदिवासी बोली, डांगी कोकणी, लिहिली होती. तीही काढलीस. "उगाच समुद्रावरची समजतील."

मला ते पटलं होतं. अजूनही पटतं. राग येतो तो म्हणूनच. तुला हे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मला ते शिकवलंस तूच.

मग फेब्रुवारी. आई सायखेड्याच्या बाजूला खंडेराव तात्यांच्या द्राक्षबागेत काढणीला होती. मी दर पंधरा दिवसांनी एसटीने जायचे, त्या वेळी तू म्हणालीस, मी स्कूटीवरून सोडते, मला काकूंना भेटायचंय. तू खरंच आनंदाने आलीस. आईने तुला नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी दिली आणि तू आणखी एक भाकरी मागून घेतलीस. आईला ते फार आवडलं. आजही ती विचारते, ती सिन्नरची पोर बरी आहे का?

निघताना तू डिकीतून ब्लेझर काढलास. "चादरीपुढचा फोटो पासपोर्टसारखा आलाय. इथे मागे हिरवंगार आहे, एक काढू." मी हो म्हणाले. आई कात्री खाली ठेवून पदर सारखा करायला लागली, तर तू म्हणालीस, "काकू, असंच राहू द्या. घाम पण पुसू नका." आईला वाटलं, शहरात अशीच रीत असेल.

तो फोटो माझ्यासाठी होता. आठवडाभराने तुझ्या पानावर दिसला.

इंग्रजीत लिहिलं होतंस. मराठीत ते असं होतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या खोलीवर पाड्यावरची एक मुलगी राहायला आली. तिला धड मराठीही बोलता येत नव्हतं. मी तिला बोलायला शिकवलं, चारचौघांत बसायला शिकवलं, स्वतःवर विश्वास ठेवायला शिकवलं. मागच्या आठवड्यात तिने माझा ब्लेझर घालून आपल्या मजूर आईला मिठी मारली. नेतृत्व म्हणजे आणखी काय असतं?

खाली माझं नाव. गावाचं नाव. तालुका. जमात. तू खोडलेलं एकूण एक तूच परत लिहिलंस, पण माझ्या पानावर नाही, तुझ्या.

सृष्टी, मला मराठी येत नव्हतं? तुझ्या प्रकल्पाच्या मराठी गोषवाऱ्यातले ऱ्हस्व-दीर्घ कोण सुधारत होतं? आणि मिठी तर मी मारलीच नव्हती. आईच्या डोळ्यांवर उन्हाची तिरीप येत होती, म्हणून मी हात आडवा धरला होता.

एप्रिलमध्ये सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत माझी मुलाखत होती. औषधांची कंपनी, गुणवत्ता तपासणीची लॅब. मी आठ दिवस घोकत होते. समोरच्या मॅडमनी माझी फाईल उघडलीच नाही, मोबाइल उघडला.

"अगं, तू ती! ब्लेझरवाली!" त्या शेजारच्या साहेबांना म्हणाल्या, "सर, मी पाठवली होती ना तुम्हाला ती पोस्ट? तीच ही."

मी म्हणाले, "मॅडम, माझा प्रकल्प भाज्यांमधल्या कीटकनाशकांच्या अंशांवर आहे."

"ते बघूच. आई काय म्हणाली गं त्या दिवशी? रडली असेल ना?"

मला एकही प्रश्न रसायनशास्त्राचा विचारला नाही. उठताना त्यांनी विचारलं, आमच्या सामाजिक उपक्रमात मुलींपुढे बोलायला येशील का, त्यांना प्रेरणा मिळेल. नोकरीचा फोन आला नाही. बोलायला कधी येतेस म्हणून दोनदा आला.

तुला मात्र त्या पोस्टनेच नोकरी दिली. पुण्याच्या एका कंपनीतल्या साहेबांनी खाली लिहिलं होतं, आम्हाला अशीच माणसं हवीत. तुला लॅबमध्ये काम करायचंच नव्हतं, माणसांना शिकवायचं काम हवं होतं. मिळालं. मनापासून अभिनंदन लिहिणार होते, पण हात वळत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. माझं नाव काढ. पाड्याचं काढ. आईचा फोटो काढ. बाकी नेतृत्वाचं तुझं तू बघ.

आई बरी आहे. तिच्याबद्दल काही विचारू नकोस.

मीना


इंदिरानगर
१९ ऑगस्ट

सृष्टी,

पत्र मिळाल्याचा तुझा मेसेज आला. "पोस्ट डिलीट केली. आता खूश?" त्याखाली हात जोडलेले.

नाही. आता तर मी आणखी अडकले आहे.

मागच्या वेळी आई बरी आहे असं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. तू फोनवर विचारलंस तेव्हाही मी विषय बदलला होता. तुझ्यापुढे आईचं दुःख उघडं केलं की त्याचं काय होतं ते एकदा बघितलंय, म्हणून. पण आता सांगितल्याशिवाय काम होणार नाही.

तू तो फोटो टाकलास, त्यात आमच्या मागे खंडेराव तात्यांच्या बागेची पाटी होती. पाटीवर त्यांचं नाव आणि फोन नंबर. पाटीच्या बाजूला आईच्या टोळीच्या झोपड्या, निळ्या प्लॅस्टिकच्या. आणि एका कडेला टोळीतली फुलाबाई उघड्या हातांनी फवारणीचं औषध कालवत होती. तुला ती दिसली नसेल. मलाही नव्हती दिसली. पण तात्यांचा माल बाहेरच्या देशात घेणारा जो माणूस आहे, त्याला दिसली. त्याने तात्यांना विचारलं, बायकांना हातमोजे का नाहीत, माणसं या झोपड्यांत राहतात का?

तात्यांनी एप्रिल संपायच्या आत टोळी घरी पाठवली. आणि आता मुकादम दत्तूभाऊंना निरोप दिला, ऑक्टोबरच्या छाटणीला तुमची माणसं नकोत. आमच्या पाड्यावरची नऊ घरं त्या बागेवर जात होती. मी शाळेत होते तेव्हापासून जात होती.

पाड्यावर त्याची एकच गोष्ट झाली. ठमाच्या पोरीनं फोटो टाकला. शिकली, कोट घातला आणि आपल्या माणसांच्या पोटावर पाय देऊन मोठी झाली. आई विहिरीवर गेली की बायका बोलायच्या थांबतात. ठमाबाई भोये, जिला प्रत्येक लग्नात तांदूळ निवडायला पहिलं बोलावणं असायचं, तिला श्रावणात शेजारच्या बारशाला कुणी बोलावलं नाही.

मी आईला म्हटलं, चल, आपण तात्यांकडे जाऊ. मी नाही टाकला ते मी त्यांना दाखवते. ते सांगतील दत्तूभाऊंना.

गेलो. तात्या वाईट वागले नाहीत. ओट्यावर बसवलं, चहा सांगितला. म्हणाले, "पोरी, माझं तुझ्याशी वैर नाय. पण पाटी दिसते माझी. तो विचारतो, त्या झोपड्या कुणाच्या. मी काय सांगू?"

मी म्हटलं, "तात्या, झोपड्या होत्याच ना."

"व्हत्या. म्हणून तर म्हणतो."

फोटोतलं सगळं खरंच होतं, सृष्टी. प्लॅस्टिक होतं, उघडे हात होते. ते जगाला कळायला नको होतं असं मी म्हणत नाही. पण ते सांगायचं की नाही, आणि सांगितल्यावर जे होईल ते सोसायला कोण तयार आहे, हे फुलाबाईने ठरवायचं होतं. त्या सगळ्या बायकांनी ठरवायचं होतं. आणि तू तरी ते कुठे सांगितलंस? तू ब्लेझरचं सांगितलंस.

मी म्हटलं, "तात्या, ते मी टाकलं नाही. माझ्या मैत्रिणीने टाकलं."

"दाखव."

मी फोन काढला. तुझं पान उघडलं. पोस्ट नव्हती. मी वर सरकवलं, खाली सरकवलं. तुझ्या नव्या ऑफिसातला केक होता, तुझं ओळखपत्र होतं, माझं नाव कुठेच नव्हतं. मीच काढायला लावलं होतं ना तुला. मी तुझं नाव शोधत होते आणि तात्या बघत होते.

मग त्यांच्या सुनेने आतून तिचा फोन आणला. "ताई, आमच्याकडं तर हे आलं होतं." ते वेगळंच होतं. यशोगाथा की काय नावाच्या कुठल्या पानाने तुझी पोस्ट उचलली होती आणि ती माझ्या तोंडी घातली होती. मराठीत. "मी मीना भोये. माझी आई द्राक्षबागेत राबते. मला तिच्या फाटक्या लुगड्याचा अभिमान आहे." खाली फोटो. तुझं नाव नाही. अशी आणखी कितीतरी पानं आहेत, मी नंतर मोजायचं सोडलं.

तात्या म्हणाले, "हितं तर तूच बोलतीयस."

आईने विचारलं, "काय लिवलं आहा?" मी वाचून दाखवलं. काय करणार? सगळे बघत होते. ती लुगड्याच्या पदराकडे बघून हळूच म्हणाली, "फाटकं नव्हतं ते. त्या दिवशी तू येणार म्हणून मी नवं नेसले होते."

परत येताना एसटीत, पेठचा घाट लागला तेव्हा आई म्हणाली, "मना फोटो काढला तेव्हा मी हसले होते का गं?" मी म्हटलं, नाही. म्हणाली, "बरं झालं."

आता तू काय करायचंस ते सांगते. एक दिवस सुट्टी घे. नाशिकला ये, मी तुला पेठच्या गाडीने पाड्यावर नेते. दत्तूभाऊंच्या अंगणात नऊ घरांपुढे बस आणि सांग, हे मी लिहिलं, हिने नाही, हिच्या आईने तर मुळीच नाही. कोणी तुला मारणार नाही. चहा देतील. यायला जमत नसेल तर मराठीत चार ओळी लिही, तुझ्या नावाने, तुझ्या पानावर, ज्या मी उघडून दाखवू शकेन. इंग्रजी नको. तिथे मला भाषांतर करावं लागलं तर ते म्हणतील, हीच आपल्या मनाचं सांगते.

लवकर कर. दसऱ्याला टोळ्या ठरतात.

मीना


इंदिरानगर
८ ऑक्टोबर

सृष्टी,

दसरा झाला. तू आली नाहीस.

तुझा व्हिडिओ बघितला. मी शोधला नव्हता, आपल्या वर्गाच्या ग्रुपवर पाचजणींनी पाठवला. पांढरी भिंत, केस मोकळे, डोळे भरलेले. "मी चुकले." इंग्रजीत. "संमती या शब्दाचा अर्थ मला एका आदिवासी मैत्रिणीने शिकवला." त्याखाली लोकांनी तुझं किती कौतुक केलंय! चूक मान्य करायला धैर्य लागतं म्हणे. तुझ्या कंपनीच्या पानानेही तो पुढे पाठवला.

पहिल्यात तू मला शिकवत होतीस, दुसऱ्यात मी तुला शिकवते आहे. दोन्हीत बोलतेस मात्र तूच. आणि ज्या चार ओळी मी मागितल्या होत्या, त्या यात नाहीत. कुणी लिहिलं, कुणी टाकलं, कुणाचा दोष नाही, यातलं एक वाक्यही मराठीत नाही. दत्तूभाऊंना धैर्य नको होतं. त्यांना एवढंच हवं होतं की ठमाबाई खोटं बोलत नाही.

त्यानंतर तुझा फोन आला. तू जे बोललीस ते लिहून ठेवते आहे, कारण उद्या तू म्हणशील, असं नव्हतंच.

"मीनू, प्लीज. ऑफिसमधून तुला मेल येईल. कुणीतरी खाली लिहिलंय की मी परवानगी न घेता फोटो टाकला. मला कायम करायचं का नाही ते आता ठरतंय. तू फक्त हो म्हण ना. फोटोला हो म्हणालीच होतीस की."

मी विचारलं, "पाड्यावर कधी येतेस?"

"अगं, आत्ता कसं येऊ? तूच सांग."

"मराठीत लिही."

"लिहिते, लिहिते. आधी हे होऊ दे."

मेल आली. सभ्य होती. फोटोला आपली संमती होती का, आणि आपली काही तक्रार उरली आहे का. मी उत्तर दिलं ते असं: फोटो काढायला मी हो म्हटलं होतं, तो माझ्या वापरासाठी होता. आईला कुणी काही विचारलं नव्हतं. मजकूर मला दाखवला नव्हता, आणि त्यातली बरीच वाक्यं खरी नाहीत. तक्रार आहे. त्यावर पुन्हा उत्तर आलं की आपल्या भावनांची नोंद घेतली आहे. तुझी नोकरी राहिली, असं वर्गाच्या ग्रुपवरून कळलं. मला वाईट वाटलं नाही आणि बरंही वाटलं नाही. तुझी नोकरी जावी म्हणून मी ते लिहिलं नव्हतं. विचारलं म्हणून लिहिलं. त्या सगळ्या प्रकरणात मला कुणी काही विचारलं, ते एवढंच.

मग मी एकटीच पाड्यावर गेले. तुझी वाट बघणं सोडून. दत्तूभाऊंच्या अंगणात संध्याकाळच्या आधी माणसं जमली. मी फोनवर एकेक पान दाखवलं, कोणी कुठून उचललं ते सांगितलं. तुझा तो व्हिडिओही दाखवला, आणि तू काय बोलतेस ते आमच्या बोलीत सांगितलं. पोरं ऐकत होती. म्हातारी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, फोनकडे नाही.

दत्तूभाऊ म्हणाले, "ही बाई रडते कशापायी?"

मी म्हटलं, "तिला वाईट वाटतंय."

"मंग हितं येऊन रडायचं ना."

त्यांची बायको भागीबाई चुलीपाशी होती. ती राख झटकत बाहेर आली. मला लहानपणी कडेवर घेऊन फिरलेली बाई. म्हणाली, "मीने, तू खरं बोलतीस. मला पटतंय. पन तात्या आमाला परत बोलवंल का?"

मी म्हटलं, "नाही बोलवणार."

"मंग खरं घेऊन मी काय करू?"

 आई खाली बघत होती. फुलाबाई म्हणाली, "जाऊ द्या गं, पोरीचं चुकलं आसंल." मी एवढा वेळ बोलले आणि शेवटी ते असं ठरलं, की चुकलं असेल.

टोळी मोडली आहे. दोन घरं गुजरातेत गेली, कुणी वीटभट्टीवर. आई म्हणाली, मी यंदा कुठेच जात नाही, भात झोडते आणि घरीच राहते. तेवढं तरी बरं, असं मला वाटलं.

दिवाळीला तुझ्या आईकडचा फराळाचा डबा पाठवू नकोस.

मीना


नाशिक
१७ डिसेंबर

सृष्टी,

हे शेवटचं पत्र. पाठवावं की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला.

मला नोकरी लागली. अंबडला एक तपासणी लॅब आहे, शेतमालात औषधांचे किती अंश उरलेत ते बघतात. मुलाखतीला गेले तेव्हा दारातूनच सांगितलं, "सर, माझं नाव शोधलंत तर काहीबाही निघेल. ते मी लिहिलेलं नाही." ते म्हणाले, "शोधलंय मी. ते असू दे. उद्या सकाळी या, यंत्रावर बसा, बघू." दुसऱ्या दिवशी बसले. लागले. नाव शोधलं तर अजूनही पहिलं तेच पान निघतं, मी मीना भोये, मला अभिमान आहे. मी त्यांना पत्र लिहिलं, काढून टाका म्हणून. उत्तर आलं, तुमची गोष्ट लाखो लोकांना बळ देते आहे. माझ्या स्वतःच्या खात्यावर मी आता काही लिहीत नाही.

महिन्यातून काही दिवस नमुने आणायला बाहेर जावं लागतं. परवा गिरणारेच्या बाजूला गेलो होतो. मी आणि माझ्या लॅबमधला ललित. चांगला मुलगा आहे, फार बोलत नाही. सकाळी गिरणारेच्या चौकात त्याने चहासाठी गाडी थांबवली. तिथे मजुरांचा नाका भरतो, तुला माहीत नसेल. पेठ, हरसूलकडची माणसं भाकरी बांधून उभी असतात, बागाइतदारांचे पिकअप येतात आणि हवी तेवढी माणसं उचलून नेतात. टोळी असली की नाक्यावर उभं राहावं लागत नाही. मुकादम असतो, ठरलेली बाग असते. नाक्यावर उभी राहतात ती सुटी माणसं.

त्या बायकांत आई होती.

मला वाटलं, भास आहे. ती घरी होती ना, भात झोडत. पण तीच होती. कानाला फडकं, हातात पिशवी. तिने मला बघितलं. गळ्यात लॅबचं ओळखपत्र, अंगात पांढरा कोट. बघितलं आणि पाठ फिरवली. मला वाटलं, ओळखलं नाही. मी रस्ता ओलांडून गेले.

"आई."

ती माझ्याकडे वळली आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काय पाहिजे, ताई? बाया पाहिजेत का? किती?"

 मागून ललित चहाचे दोन कप घेऊन आला. "ओळखीच्या आहेत का मॅडम?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "नाय साहेब. ताई रस्ता इचारत होत्या."

"ही माझी आई आहे," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. चौकातली माणसं वळून बघायला लागली. ललितने हातातले कप तसेच धरून मान लववली, "नमस्कार, काकू." त्या बिचाऱ्याने आणखी काय करायचं?

आईने त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडेही नाही. तिची नजर बाजूच्या पोरांवर होती, त्यांच्यातल्या कुणाच्या हातात फोन आहे का, ते ती बघत होती. तेवढ्यात एक पिकअप आला. बायका धावल्या. आईही धावली. तिला एवढं पळता येतं हे मला माहीत नव्हतं. मागच्या फळीला धरून ती वर चढली आणि दुसऱ्या बायकांच्या मध्ये, मला दिसणार नाही अशी बसली.

संध्याकाळी मी शेजारच्यांच्या फोनवर तिला फोन केला. वाटलं होतं, ती रडेल, किंवा मी रडेन. ती चिडलेली होती.

"असं चौकात नाय बोलायचं. नवी नोकरी आहा तुनी."

मी म्हटलं, "मला लाज नाही वाटत, आई."

"तुला नाय वाटत ते मला ठाव आहा. पन लोकांना गोष्ट पाहिजे असते. एकदा झाली तेवढी बास. कोणी इचारलं तर सांग, आई घरी असते."

"आणि तुला कोणी विचारलं, पोरगी काय करते, तर?"

 मागे कोंबड्या कोंडल्याचा आवाज येत होता.

"मी सांगते," ती म्हणाली, "मला पोरगीच नाय."

मीना